सांगलीत स्वमग्न मोठ्यांचा कट्टा सुरू करायचा असेल तर

ऑटिझम (स्वमग्नता) म्हटलं की सांगली-मिरजेत अजूनही डोळ्यासमोर लहान मूलच येतं. थेरपी सेंटर, विशेष शाळा, धावपळ करणारी आई. तेच मूल पुढे पस्तिशीचं होतं, कुपवाडच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतं, शंभर फुटी रस्त्यावर मोबाईल दुरुस्त करतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. शिवाय लहानपणी ज्यांना कुणी ओळखलंच नाही अशी माणसं कितीतरी आहेत. एककल्ली, घुमी, शिष्ट अशी विशेषणं अंगावर घेत ती मोठी झाली. बायकांच्या बाबतीत तर हे फारच. पोराला तपासायला नेलं आणि डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता आईलाच स्वतःचं कोडं सुटलं, असं अनेकींचं झालेलं आहे.

मी स्वतः स्वमग्न आहे आणि हिशेबाचं काम करते. आम्ही काही जण महिन्यातून दोनदा भेटतो, हसतो, कामाचं आणि घरचं बोलतो. असा कट्टा तुमच्या भागात सुरू करायचा असेल तर काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सूचना बारीकसारीक वाटतील, पण त्या तशाच असायला हव्यात. पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्यातच ज्याची सगळी ताकद खर्च होते, त्याला विनोद सुचत नाही आणि दुसऱ्याचा कळतही नाही. सगळं आधी सांगून ठेवलं की हसू आपोआप येतं. मदत मागणंही त्याच हसण्यातून सुरू होतं.

आधी एक समज मोडा

'यांना विनोद कळत नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असेल, कदाचित स्वतःबद्दल खरंही मानलं असेल. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंची असते. आपल्याला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही आपलं कळत नाही. पुढे कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट कानोकान पुढे पाठवायला लावली. सगळेच स्वमग्न असलेल्या साखळीत ती एकही स्वमग्न नसलेल्या साखळीइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली. म्हणजे आपल्याला बोलता येतं, हसवता येतं. त्यासाठी समोर ती भाषा कळणारी माणसं लागतात. कट्टा काढायचा तो याचसाठी.

पहिलं काम: कोण येणार ते ठरवा

अठरा वर्षांपुढची, स्वतःला स्वमग्न समजणारी कुणीही व्यक्ती. प्रमाणपत्र मागू नका. मोठ्या वयात निदान करून देणारे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत, पुण्या-मुंबईला जाण्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. कागद नाही म्हणून माणूस दाराबाहेर राहायला नको.

आई-वडिलांचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. आमचं उत्तर असं: पोचवायला या, न्यायला या, मध्ये बसू नका. आई शेजारी बसली की तीस वर्षांचा माणूसही तिच्याकडे बघून उत्तर देतो, आणि बऱ्याचदा उत्तर तीच देते. ज्यांना सोबत मदतनीस लागतोच त्यांच्यासाठी अर्थातच सोय करा. पण मदतनीस त्यांच्यापुरता, गप्पांत भाग घ्यायला नाही. पालकांना भेटायचं असेल तर त्यांचा वेगळा दिवस ठेवा. त्यांनाही बोलायचं असतंच.

सुरुवातीला चार-पाच जण पुरेत. आठांच्या वर गेलात की दोन गट करा.

दुसरं काम: जागा

ज्या वारी आणि ज्या वेळी भेटायचं, त्याच वारी त्याच वेळी आधी एकट्याने जाऊन अर्धा तास बसून या. रविवारी सकाळी शांत असलेली खोली मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या क्लासमुळे नकोशी होते. डोळे मिटून ऐका. पंखा कटकट करतो का? ट्यूबलाईट लुकलुकते का? लोखंडी खुर्च्या फरशीवर ओढल्या की किती किंचाळतात? खाली मिरची कांडप किंवा हळदीचं गोदाम आहे का? हळदीची पूड आपल्या सांगलीला नवी नाही, पण नाकाला आणि घशाला ती प्रत्येकाला सारखीच सोसते असं नाही.

बागेत भेटायचं असेल तर आमराई सकाळी लवकर चांगली. संध्याकाळी मुलांचा गलका आणि पाखरांचा कलकलाट दोन्ही एकदम सुरू होतात. गणपती मंदिराच्या आसपास संकष्टीला काहीही ठरवू नका. गणेशोत्सवाच्या दिवसांत शहरात कुठेच नको, त्या दहा दिवसांत गप्पा फक्त लिहून.

कुणाच्या घरची वरची खोली मिळाली तर उत्तम. तिथे एक बाजूची खोली किंवा गॅलरी रिकामी ठेवा, म्हणजे मध्येच उठून बसायला जागा राहते. उठून जाणाऱ्याला 'कुठे चाललास' विचारायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा.

पावसाळ्यासाठीही नियम आधीच ठरवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीकराला पाठ असतं. आमचा नियम ३५ फुटांचा आहे. पाणी तिथवर गेलं की बैठक आपोआप रद्द, कुणी कुणाला विचारायचं नाही. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागात राहणाऱ्याला त्या दिवशी सामान वर चढवायचं असतं, 'येतोस का' या मेसेजला उत्तर द्यायचं नसतं. 'बघू पाऊस कसा आहे ते' यापेक्षा आकडा कितीतरी बरा.

तिसरं काम: निमंत्रणाचा मेसेज

'या रविवारी भेटूया का सगळे?' असा मेसेज टाकलात तर कुणी येणार नाही. त्यात उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त. आम्ही साधारण असा पाठवतो:

'रविवार. सकाळी १० ते ११.३०. जागा नेहमीची (पत्ता आणि नकाशा खाली). निळं गेट, उजवीकडून जिना, दुसरा मजला. बेल वाजवू नका, दार उघडं असेल. चपला बाहेर काढायच्या. आज पाच जण येणार आहेत, सगळे ओळखीचे. कोरा चहा, दुधाचा चहा, भडंग असेल. स्वतःचा डबा आणला तरी चालेल. पहिली पंधरा मिनिटं गप्प बसलं तरी चालतं. १०.१५ ते ११ गप्पा, विषय: साहेबांचे निरोप. ११ नंतर ज्याला थांबायचं तो थांबेल. न आल्यास कळवायची गरज नाही.'

सोबत गेटचा, जिन्याचा आणि खोलीचा असे तीन फोटो. नवीन माणूस येणार असेल तर त्याला आणि इतरांना दोघांनाही आधी सांगा. शेवटची ओळ कधी गाळू नका. 'का आला नाहीस' या प्रश्नाची धास्ती घेऊन माणसं पुढच्या वेळीही येत नाहीत.

चौथं काम: बिल्ले

तीन रंगांचे पुठ्ठ्याचे बिल्ले करा. हिरवा म्हणजे माझ्याशी बोला, मला सुरुवात करणं जड जातं. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोलावं. लाल म्हणजे मी इथे बसले आहे एवढं पुरे. रंग न ओळखू येणाऱ्यांसाठी बिल्ल्यावर शब्दही लिहा. अमेरिकेत १९९६ पासून स्वमग्न मंडळींनी स्वतःच भरवलेल्या ऑट्रीट या मेळाव्यांतून ही पद्धत रुळली. आमच्याकडे पिवळा बिल्ला लावणारा 'आज माझी हळद आहे' असं म्हणतो. सांगलीतच होऊ शकेल असा हा विनोद आता कट्ट्याचा झाला आहे. लाल बिल्ला लावून पूर्ण दीड तास कोपऱ्यात शेंगा सोलत बसणारा एक जण आहे. तो एकही बैठक चुकवत नाही.

शेंगांचं खरोखर मनावर घ्या. हाताला काम असलं की बोलणं सुटतं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघण्याचं ओझं जातं, आणि शेजारी बसून दोघं एकाच सुपात बघतात. शेंगा, मटार, लोकरीचं विणकाम, रुबिकचा ठोकळा, काहीही चालेल. ओळख करून देण्याची फेरी मात्र टाळा. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं काहीच कानात शिरत नाही.

पाचवं काम: हसण्याचे नियम

हा भाग सगळ्यात नाजूक, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळा-कॉलेजात फिरकी सोसलेली आहे. आजूबाजूला सगळे हसताहेत आणि आपल्याला कारण कळत नाही, ही आठवण शरीरात राहते. म्हणून घटनेवर, जगाच्या रीतीवर आणि स्वतःवर हसायचं. शेजारच्यावर हसायचं नाही, त्याने स्वतः परवानगी दिली असेल तरच. गंमत केली तर शेवटी 'गंमत' असं म्हणून टाकायचं. विनोद कळला नाही तर 'समजावून सांग' म्हणायचं आणि सांगणाऱ्याने तो शांतपणे उलगडून सांगायचा. उलगडल्यावर विनोद मरतो म्हणतात, पण आमच्याकडे अनेकदा उलगडल्यावरच तो जमतो, आणि दोन मिनिटांनी उशिरा हसणाऱ्याला पाहून बाकीचे आनंदाने पुन्हा हसतात. टाळ्या मात्र नकोत. त्याऐवजी हात वर करून हलवायचे. अचानक कडाडणारा आवाज काहींना थेट दुखतो.

एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं हाही विनोदच आहे, त्याला आडकाठी करू नका. एक जण मिरज जंक्शनच्या घोषणा हुबेहूब करतो. कुणी उशिरा आलं की त्या माणसाची घोषणा होते, कितव्या फलाटावर येत आहे त्यासकट. अर्थात ज्याला ते आवडतं त्याचीच.

विषय कुठून आणायचे? रोजच्या जगण्यात भरपूर आहेत. आपल्याकडे माणसं म्हणतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरं. 'काय म्हणताय?' असं विचारल्यावर 'अजून काही म्हटलं नाही' हे उत्तर आमच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी दिलेलं आहे. एकीला शेजारच्या काकू 'ये गं कधीतरी चहाला' म्हणाल्या. तिने पिशवीतून डायरी काढली आणि तारीख विचारली. काकू क्षणभर गप्प झाल्या, मग त्यांनी तारीख सांगितली. आता ती दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाते आणि काकू तिची वाट बघतात.

असे किस्से एका वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीतला सगळ्यात गाजलेला किस्सा एका कारखान्यातला आहे. साहेब म्हणाले, 'ही फाईल जरा बघून घे.' आमच्या मित्राने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली आणि जागेवर ठेवली. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, 'झालं का?' 'हो, बघितली.' 'मग?' 'चांगली आहे.' हा किस्सा सांगताना तो स्वतः इतका हसला की चहा बाजूला ठेवावा लागला, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाकडे अशी एक फाईल होती. हसणं ओसरल्यावर एकीने विचारलं, 'मग आता तू काय करतोस?' तो म्हणाला, 'आता विचारतो: बघून काय करू, चुका काढू की सही करू?' तिने ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं. कामाची मदत कट्ट्यावर अशीच सुरू होते, म्हणून गंमत आणि मदत यांसाठी वेगळ्या बैठका ठेवू नका.

सहावं काम: कामाच्या ठिकाणचे प्रश्न

प्रत्येक अडचणीतून एक वापरता येईल असं वाक्य किंवा कृती निघाली पाहिजे, नुसता उसासा नको. आमच्या वहीत जमलेल्यांपैकी काही देते.

तोंडी काम मिळालं की पाच मिनिटांत लिहून परत पाठवा: 'साहेब, मला समजलं ते असं: जूनची बिलं, फक्त मिरज डेपोची, गुरुवारी ४ पर्यंत, एक्सेलमध्ये. चुकत असेल तर सांगा.' चिडण्याऐवजी बहुतेक साहेबांना हे आवडतं, कारण त्यांचंही काम नीट होतं. 'लगेच' म्हटलं तर विचारा, 'हातातलं सोडून की हे संपवून?' 'सवडीने' म्हटलं तर तारीख तुम्हीच सुचवा.

आवाजाचा त्रास असेल तर त्याचं नाव सांगू नका, उपाय सांगा. 'मला गोंगाट सहन होत नाही' यावर समोरचा फक्त 'सवय होईल' म्हणतो. 'प्रिंटरशेजारचं टेबल सोडून खिडकीकडचं मिळालं तर माझ्या चुका कमी होतील' यावर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. मशीनशॉपमध्ये कानाला लावायचे प्लग किंवा मफ सुरक्षेचं साधन म्हणून सहज मागता येतात. डबा एकट्याने खायचा असेल तर रोज निमित्त शोधण्यापेक्षा एकदाच सांगा: 'मला जेवताना शांत लागतं, राग नाही कुणावर.' हे शेवटचे तीन शब्द फार उपयोगी पडतात.

स्वमग्न असल्याचं ऑफिसात सांगावं का? कुणालाही भरीस घालू नका. सांगायचंच असेल तर आधी एका विश्वासाच्या माणसाला, आणि सोबत एक-दोन ठोस मागण्यांसह. माझं मत असं की प्रोबेशन संपेपर्यंत थांबावं. पण सरकारी राखीव जागेवर लागला असाल तर तो प्रश्नच उरत नाही.

कायदाही सगळ्यांना माहीत हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकरीतल्या किमान ४ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. कलम २० नुसार सरकारी आस्थापनांनी अशा कर्मचाऱ्याला गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या आहेत. कलम २१ नुसार समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं आहे, खासगी कंपन्यांनीही. 'आपल्याकडे ते धोरण आहे का, मला वाचायला मिळेल का?' एवढंच मेलवर विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते जुने कागद जोडायचे. तपासणीला सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. ऑटिझमसाठी आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. त्यातले बरेच प्रश्न लहान मुलांना डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखे वाटतात, म्हणून मोठ्यांनी तयारीने जावं. लहानपणीच्या सवयी, शाळेतले शेरे, आई किंवा मोठ्या भावंडाने सांगितलेल्या गोष्टी, नोकरीत कुठे अडतं याची उदाहरणं, असं एका कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. तिथल्या गर्दीत आणि त्या बाकड्यांवर वाट बघून तोंडातून शब्द फुटत नाहीत, तेव्हा कागद बोलतो. कट्ट्यातला एक जण सोबत गेला तर फार आधार होतो. दोघांनी मिळून रांगेत शब्दकोडं सोडवायचं.

प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी जुन्या करपद्धतीत अपंगत्वासाठी ७५,००० रुपयांची वजावट आहे, तीव्र म्हणजे ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाला १,२५,०००. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. मुलांसाठी म्हणून ही योजना सांगितली जाते, पण ती मोठ्यांनाही आहे.

सातवं काम: थकवा आणि वाईट दिवस

दिवसभर इतरांसारखं वागण्याचा अभिनय करावा लागतो त्याची किंमत मोठी असते. १८४३ साली मराठी नाटक सुरू झालं त्या सांगलीत हे समजायला कठीण नाही. नट प्रयोग संपल्यावर रंग पुसतो, आपण मात्र तो ऑफिसातून घरी, घरातून लग्नात तसाच चेहऱ्यावर घेऊन जातो. कट्टा ही रंग पुसायची जागा. हात हलवणं, डुलणं, कानावर हात ठेवून बसणं, यांतलं काहीही इथे थांबवायचं नाही.

कुणाचा मेल्टडाउन (ताण असह्य होऊन बांध फुटणं) किंवा शटडाउन (त्याच ताणाने एकदम गप्प, सुन्न होणं) झाला तर काय करायचं ते आधी ठरवा आणि भिंतीवर लावा. दिवा बंद. सगळ्यांनी गप्प. एकच माणूस जवळ, तोही हातभर अंतरावर. विचारल्याशिवाय स्पर्श नाही. 'काय झालं' विचारायचं नाही. पाणी आणि वही-पेन शेजारी ठेवायचं. सावरल्यावर बोलायचं की नाही, ते त्याने ठरवायचं. लग्नसराईत आणि मार्चअखेरीला असे प्रसंग वाढतात, तेव्हा बैठक तासाभराचीच ठेवा.

महिनोन्महिने झोप उडालेली, आधी सहज जमणारी कामंही जमेनाशी झालेली, जगावंसं वाटत नाही असं कुणी बोललं किंवा लिहिलं, तर ती गंमत समजू नका. सरळ विचारा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सोबत करा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. फोनवर बोलणं जमत नसेल तर त्याच्या शेजारी बसून फोन तुम्ही करा.

किरकोळ पण ठरवून टाकायच्या गोष्टी

व्हॉट्सॅप ग्रुपवर रात्री ९ ते सकाळी ८ मेसेज नको. गुड मॉर्निंग नको. व्हॉइस नोट टाकली तर खाली दोन ओळींत मजकूर लिहा. फोटो काढायचे नाहीत, बाहेर कुणाचं नाव घ्यायचं नाही. सांगली लहान आहे, गोष्ट संध्याकाळपर्यंत हरभट रोडवर पोचते. चहा-भडंगाचे पैसे डब्यात ज्याने त्याने जमेल तसे टाकायचे.

बैठक ठरलेल्या वेळी संपवा. दारात उभं राहून निरोप घेण्याची आपली लांबलचक रीत इथे नको. 'वेळ झाली' एवढं एकाने म्हणायचं, हात हलवायचा आणि निघायचं. किल्ली, मेसेज आणि चहा ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे द्या आणि दर तीन महिन्यांनी बदला. एकट्याच्या खांद्यावर सगळं राहिलं तर तो आजारी पडला की कट्टा बंद पडतो. पहिल्या महिन्यांत दोघंच आले तरी बैठक पूर्ण वेळ घ्या, शेंगा सोला, वहीत तारीख टाका आणि पुढचा मेसेज ठरलेल्या दिवशी पाठवा.